धन्वंतरी महालाची टिपणे आणि घरातील गोळी

(तंजावर येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात आम्ही काही बोलावे असे चिटणीसांनी कळविले, तेव्हा त्यांच्या मनात सरस्वती महालातील पोथ्या असाव्यात, किंवा बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला भोसले कुळाचा मराठी शिलालेख असावा. तंजावरात मराठी माणसाने उभे राहिले की याच विषयांवर बोलावे असा प्रघात आहे. आम्ही मात्र विषय कळविला, 'स्टेरॉइडची औषधे'. चिटणीस थोडे चपापले. आम्ही डॉक्टर नव्हे. साधे बी. ए. झालेले, केंद्र सरकारच्या नोकरीत फायली पुढेमागे करण्यात तीस वर्षे घालविलेले गृहस्थ. पण आमच्या घरी काय घडले ते त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग हेच सांगा." म्हणून सांगतो.

तथापि सरफोजीराजांना वगळून या गावी कोणताही विषय सुरू होत नाही, आणि आमचाही होणार नाही. दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ या काळात येथे गादीवर होते. राज्याचा खरा कारभार इंग्रजांच्या हाती गेलेला. राजाने आपले लक्ष विद्येकडे वळविले. त्यांनी चालविलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या चारही पद्धतींचा अभ्यास होत असे. गुणकारी ठरलेले उपाय तमिळ पद्यांत बांधून ठेवले गेले. ते 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने सरस्वती महालाने पुढे प्रसिद्ध केले आहेत. आम्हांला सर्वांत अधिक नवल वाटले ते नेत्ररोग्यांच्या टिपणांचे. रोगी कोण, डोळ्यांत काय दोष, कोणता उपचार केला, हे लिहून शेजारी त्या डोळ्यांची चित्रे काढलेली आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या राजाला वाटले की औषध दिले म्हणजे त्याची नोंद राहिली पाहिजे. आणि नोंदी ठेवण्याचाच पगार घेणाऱ्या आम्हांला आपल्या घरातील औषधाबाबत ते सुचले नाही.

आमच्या सौभाग्यवतींना आमवाताचा विकार आहे. २०१४ साली आमची नेमणूक उत्तरेकडील एका गावी असताना तो प्रथम जडला. सकाळी उठल्यावर हाताच्या मुठी मिटत नसत, कणीक मळणे तर दूरच. तेथील एका डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची एक गोळी रोज सकाळी घेण्यास सांगितले आणि सहा आठवड्यांनी दाखविण्यास बजावले. चौथ्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. त्या चवीवर आम्ही त्या डॉक्टरांना मनोमन देवपण दिले, आणि सहाव्या आठवड्याच्या आत बदलीचा हुकूम आला.

आपल्यापैकी जे बदलीच्या नोकरीत आहेत त्यांना पुढचे सांगावयास नको. सामान बांधणे, मुलांच्या शाळा, गॅसचे कनेक्शन. नवीन गावी नवीन डॉक्टर शोधणे शेवटच्या यादीत. जुनी चिठ्ठी होतीच; ती दाखविली की दुकानदार गोळ्या देई. चिठ्ठीवरील तारीख त्याने पाहिली नाही आणि आम्हीही पाहिली नाही. इतर औषधे 'महाग आहेत आणि गुण तर याच गोळीने येतो' म्हणून आम्हीच बंद केली. असे सव्वा वर्ष गेले. या काळात सुटीत पुण्यास गेलो असता सर्व नातेवाईक म्हणाले, "दक्षिणेचे पाणी मानवले हो! चेहरा कसा भरला आहे." तो चेहरा सुखाने भरला नव्हता, गोळीने भरला होता; पण हे कळण्याइतके ज्ञान ना त्यांना होते ना आम्हांला.

मग एके दिवशी एका आप्तांचा दूरध्वनी आला. गोळीचे नाव ऐकताच ते उद्गारले, "अहो, ते स्टेरॉइड! विषच ते. आजच्या आज बंद करा." आम्ही आज्ञाधारक. त्याच संध्याकाळी गोळ्या केराच्या टोपलीत गेल्या. पहिले दोन दिवस थकवा, तिसऱ्या दिवशी अंगदुखी. पाचव्या दिवशी प्रवासात काही खाण्यात आले, उलट्या आणि जुलाब सुरू झाले. अशा वेळी चारचौघांस जे होते त्यापेक्षा हे काही वेगळेच दिसू लागले. येथे तंजावरात उतरलो तेव्हा त्यांना उभे राहवत नव्हते, बोलणे असंबद्ध झाले होते. इस्पितळात रक्तदाब वरचा आकडा ८० भरला. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काही औषध चालू आहे काय?" आम्ही अभिमानाने म्हणालो, "काही नाही." त्या थांबल्या, सौभाग्यवतींच्या गोल चेहऱ्याकडे आणि दंडावरील निळ्या डागांकडे पाहिले, आणि दुसरा प्रश्न केला, "अलीकडे काही बंद केले काय?"

त्या दुसऱ्या प्रश्नाने आमचे घर वाचले. उत्तर ऐकताच हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून गेले आणि सलाइन सुरू झाले. रात्री उशिरा सौभाग्यवतींनी डोळे उघडून कॉफी मागितली. ज्या औषधाला आम्ही विष म्हणून फेकले होते, तेच मोठ्या मात्रेत देऊन त्यांना परत आणले होते. त्या रात्री बाकड्यावर बसून आम्ही ठरविले की हे प्रकरण समजून घ्यावयाचे. पुढे डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे कळले ते सांगतो.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या कॉर्टिसॉल नावाचा स्राव तयार करतात. त्याचे प्रमाण पहाटे-सकाळी सर्वांत अधिक आणि रात्री सर्वांत कमी असते. रक्तदाब टिकविणे, रक्तातील साखर सांभाळणे, आजारपणात किंवा अपघातात शरीराला तग धरावयास लावणे, ही त्याची कामे. किती स्राव करावयाचा याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. बाहेरून गोळीच्या रूपाने तोच माल येऊ लागला की वरिष्ठ कचेरी हुकूम पाठविणे बंद करते, आणि कामच नसल्याने खालची कचेरी हळूहळू झोपी जाते. साधारणपणे तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ गोळ्या चालल्या की ही शक्यता धरावी लागते. मग गोळी एकाएकी थांबविली तर बाहेरचा पुरवठाही नाही आणि घरचे उत्पादनही नाही, अशी स्थिती होते. त्यात जुलाब, ताप, शस्त्रक्रिया असे काही ओढवले तर प्राणावर बेतते. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवावयाची, म्हणजे झोपलेल्या कचेरीला जागे होण्यास अवधी मिळतो. तो अवधी काही आठवड्यांचा, काही महिन्यांचा, क्वचित वर्षाचाही असतो. उलट, दम्याच्या झटक्यासाठी दिलेला पाच दिवसांचा कोर्स पाचव्या दिवशी बहुधा सरळ थांबविता येतो. कोणता प्रकार आपला, हे डॉक्टरांनीच सांगावयाचे.

या ग्रंथी निकामी झाल्या तर काय होते हे टॉमस ॲडिसन या इंग्रज वैद्याने १८५५ साली लिहून ठेवले. त्या आजाराला त्यांचेच नाव आहे. औषध हाती येण्यास पुढे जवळजवळ शतक लागले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या संधिवाततज्ज्ञांच्या ध्यानात आले होते की कावीळ झाली किंवा स्त्री गरोदर राहिली म्हणजे आमवात काही काळ ओसरतो. अर्थात शरीरातच असा काही पदार्थ आहे की जो हे करू शकतो. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथींतून अनेक पदार्थ वेगळे केले होते. त्यांतील एक, ज्याला पुढे कॉर्टिसोन नाव मिळाले, सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला टोचण्यात आला, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. आमच्या घरची चौथ्या दिवसाची पुरणपोळी ही त्याच प्रयोगाची लहानशी आवृत्ती म्हणावी. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच सुमारास वैद्यांच्या हेही ध्यानात आले की औषध थांबविताच रोग परततो, आणि मोठ्या मात्रेत चालू ठेवले तर चेहरा सुजतो, साखर वाढते, मन बिघडते. म्हणजे आम्हांला २०१५ साली जे नव्याने कळले ते वैद्यकाला पाऊणशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

हे औषध रोगाचे मूळ उपटून टाकीत नाही. शरीराची संरक्षक फौज जेव्हा बेभान होऊन आपल्याच घरावर तुटून पडते, तेव्हा तिला ते आवरते. सांधे, फुप्फुसे, कातडी, मूत्रपिंडे, कोठेही ही यादवी होऊ शकते, म्हणूनच इतक्या निरनिराळ्या आजारांत एकच गोळी दिसते. लहान मुलांना नेफ्रोटिक सिंड्रोम होतो. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीतून प्रथिने जाणे हे त्याचे रूप. त्यावर प्रेडनिसोलोन हाच मुख्य आधार आहे, आणि मूल लठ्ठ दिसू लागले म्हणून आईने परस्पर मात्रा कमी केली की सूज परत येते. कुष्ठरोगाच्या उपचारात कधी नसांना एकाएकी सूज येते; वेळेवर स्टेरॉइड मिळाले तर हाताची बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असे दिसले तर मातेला हे इंजेक्शन देतात आणि बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. हा शोध न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केला. अशा औषधाला सरसकट विष म्हणणे ही कृतघ्नता होय.

दम्याच्या पंपाविषयी येथे थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या मराठी घरांतून 'पंप लागला म्हणजे संपले' असा एक विलक्षण समज आहे. गोळी पोटात जाते ती मिलिग्रॅममध्ये. पंपातून फुप्फुसात थेट जाते ते मायक्रोग्रॅममध्ये, आणि एक हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. वारंवार दमा उसळणाऱ्या मुलाला पंप नाकारून दर महिन्याला गोळ्यांचे कोर्स देणे म्हणजे तळहातावर मावणारा भार टाळून डोक्यावर पोते घेण्यासारखे आहे. पंप ओढल्यावर चूळ भरून टाकावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. ही मुख्य काळजी.

औषध योग्य आजारात, योग्य वेळी आणि ठराविक दिवस दिले तर काय होते, आणि तसे न केल्यास काय होते, याचा धडा आपण सर्वांनी अलीकडेच पाहिला आहे. १६ जून २०२० रोजी इंग्लंडमधील रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस दिल्याने कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एकपंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र काहीही लाभ दिसला नाही. हे दुसरे वाक्य आपल्याकडे कोणी वाचले नाही. २०२१ च्या लाटेत मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या पाहून लोकांनी घरच्या घरी, तापाच्या पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. मधुमेह असलेल्यांची साखर उसळली, प्रतिकारशक्ती दबली, आणि नाक, डोळा, जबडा पोखरणारी म्युकरमायकोसिसची बुरशी पसरली. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना १८९७ च्या साथरोग कायद्याखाली या आजाराची सक्तीने नोंद करण्यास सांगितले. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा डोळा त्या दिवसांत गेला. त्यांना कोविड सौम्यच झाला होता.

गोळीइतकीच फसवी वस्तू म्हणजे मलम. कावेरीकाठच्या या दमट हवेत जांघेत, काखेत नायटा होणे नित्याचे. दुकानात मागितले की स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक असे तिन्ही एकत्र असलेले मलम हाती पडते. खाज दोन दिवसांत थांबते, कारण स्टेरॉइडने दाह दडपला. बुरशी मात्र खाली सुखाने पसरत असते. थांबविले की दुप्पट खाज, पुन्हा तेच मलम. पुढे कातडी कागदासारखी पातळ होते आणि भेगांच्या रेषा कायमच्या राहतात. चेहरा उजळविण्यासाठी मुली अशीच मलमे लावतात, आणि मग उन्हात चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. आम्ही त्याच सरकारचे सेवक असल्याने कायद्याविषयी आदरानेच बोलावयाचे. परंतु आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर तो किती पाळला जातो ते आपण जाणता.

डोळ्यांच्या थेंबांचेही तसेच. मुलाचे डोळे उन्हाळ्यात लाल होतात, खाजतात. एकदा दिलेल्या थेंबांनी आराम पडतो, आणि आई तीच बाटली दरवर्षी आणते. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्यातील दाब काहीही न दुखता वाढत जातो आणि काचबिंदू होतो. गेलेली दृष्टी त्यात परत मिळत नाही. सरफोजीराजांच्या टिपणांतील डोळ्यांची चित्रे पाहताना आम्हांला नेमके हेच आठवले.

आणखी एक बोलले पाहिजे. संधिवातावर किंवा दम्यावर 'जडीबुटी' म्हणून मिळणाऱ्या नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. आयुर्वेद किंवा सिद्ध वैद्यकाविषयी आमचा आक्षेप नाही. आक्षेप पुडीवर काहीच न लिहिण्याला आहे. वर्षानुवर्षे दुखणारा गुडघा तीन दिवसांत पळू लागला, भूक एकदम वाढली, चेहरा गोल झाला, तर पुडी डॉक्टरांना दाखवावी. एकाएकी थांबवू मात्र नये, कारण सांगितले.

आता ज्यांच्या घरी ही गोळी रीतसर चालू आहे त्यांच्यासाठी. ती सकाळी, खाऊन घ्यावी. रात्री घेतल्यास झोप उडते. येथे औषधाच्या कागदी पाकिटावर १-०-० असे लिहितात, त्यातील पहिला आकडा सकाळचा. तमिळ वाचता येत नसेल तरी एवढे कळते. मधुमेह असेल किंवा नसेल, साखर तपासावी, आणि ती दुपारनंतरही तपासावी. सकाळच्या गोळीने उपाशीपोटीची साखर ठीक दिसून संध्याकाळची वाढलेली असते. हाडे ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम व ड जीवनसत्त्व याविषयी विचारावे. अंगदुखीची गोळी परस्पर जोडू नये, जठरात व्रण होतो. पूर्वी क्षय झाला असेल किंवा घरात कोणास असेल तर ते आधी सांगावे, कारण दबलेला क्षय उसळू शकतो. कांजिण्या झालेल्या मुलाजवळ गेलात तर त्याच दिवशी कळवावे. कोणतीही लस टोचण्यापूर्वी, दात काढण्यापूर्वी, शस्त्रक्रियेपूर्वी स्टेरॉइड चालू आहे किंवा गेल्या वर्षभरात होते हे सांगावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट पाहू नये, इस्पितळ गाठावे. आणि प्रवासात गोळ्या सामानाच्या ट्रंकेत न ठेवता हातातील पिशवीत ठेवाव्यात. रेल्वेने ट्रंक मागे राहिल्याचे प्रसंग आमच्या नोकरीत दोनदा आले आहेत.

आमच्या घरी आता एक चोपडी आहे. सरकारी नमुन्याप्रमाणे आम्ही तिला रकाने पाडले : तारीख, औषध, मात्रा, कोणी दिले, केव्हा थांबवावयाचे. शेवटचा रकाना आम्हांला त्या डॉक्टरीणबाईंनी सुचविला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत मराठी, तमिळ आणि इंग्रजीत लिहिले आहे की या रुग्णाने दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले आहे, एकाएकी बंद करू नये. तमिळ मजकूर शेजारच्या मास्तरांनी लिहून दिला. त्यांचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या येथलेच. घरात तंजावरी मराठी बोलतात, पण हिशेब तमिळमध्ये करतात.

त्या चोपडीप्रमाणे सौभाग्यवतींची मात्रा उतरण्यास चौदा महिने लागले. शेवटची अडीच मिलिग्रॅमची पायरी सर्वांत अवघड गेली. दोनदा सांधे पुन्हा धरले आणि एकदा वर चढावे लागले. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सुरू झाले. ते रोजचे औषध नव्हे, हेही त्या चोपडीत लाल शाईने लिहिले आहे. एका डोळ्यातील मोतीबिंदू काढावा लागला. अखेरीस सकाळी आठ वाजता रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजले, ते पुरेसे भरले. त्या दिवशीच्या शेवटच्या रकान्यात 'बंद' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि लेखणी धरताना बोटे दुखली नाहीत असे मुद्दाम आम्हांला सांगितले. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. चोपडीही बरोबर आणली आहे; ज्यांना रकाने उतरवून घ्यावयाचे असतील त्यांनी चहापानाच्या वेळी त्यांच्याकडून घ्यावी.